पंधरा मिनिटांत फोटो: बेळगावातल्या एका प्रदर्शनातल्या डबा-कॅमेऱ्यांचं प्रकरण

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. चुका होत्या तशा ठेवल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच माझ्याच आहेत.)

पार्श्वभूमी

बेळगावात चित्रप्रदर्शन म्हटलं की काय बघायला मिळणार हे लोकांना ठाऊक असतं. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली इथे चित्रकार तयार झाले, रवी परांजपे त्यांतलेच. त्यामुळे जलरंगातलं निसर्गचित्र आणि माणूस समोर बसवून केलेलं व्यक्तिचित्र यांना इथे मान आहे. लोक येतात, हात पाठीमागे बांधून एकेका चित्रापुढे थांबतात, "छान जमलंय की" म्हणतात, अभिप्रायाच्या वहीत सही करतात, चहा पितात, जातात. यात वाईट काही नाही. पण आमच्या गटातल्या काहींना वाटायचं, की चित्र होताना कसं होतं तेही कधी लोकांसमोर घडावं. गटात पंधराएक जण: चित्रकार, निवृत्त ड्रॉइंग शिक्षक, लग्नाचे फोटो काढणारा एक जण आणि मी.

ठरलं असं. डिसेंबरात पाच दिवसांचं प्रदर्शन. भाड्याचं दालन, पुढे लहानसं अंगण, अंगणाला कंपाउंड, पलीकडे वर्दळीचा रस्ता. भिंतींवर सभासदांची चित्रं आणि जोडीला तीन टेबलं: एकावर खानापूरच्या मातीचं काम, दुसऱ्यावर सायनोटाइप (उन्हात उमटणारे निळे छाप), तिसऱ्यावर पिनहोल. पिनहोल माझ्याकडे.

पिनहोल कॅमेऱ्याला भिंग नसतं. अंधाऱ्या डब्याला एक बारीक भोक, समोर फोटोचा कागद. वरून आलेला किरण खाली पडतो, खालचा वर, म्हणून चित्र उलटं. आमचे डबे किलोच्या दूध पावडरीचे होते, आतून काळे रंगवलेले. भोकासाठी शीतपेयाच्या कॅनचा पत्रा घेतला. त्याला सुईचं टोक नुसतं टेकवून दाबायचं, मागे आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा घासायचं. घाई करून आरपार टोचलं की कडा फाटते. कागद भोकापासून १२० मिलिमीटरवर असेल तर भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं लागतं. मोठं झालं तर चित्र पुसट येतं. फार बारीक केलं तर प्रकाश भोकाच्या कडेशी पसरतो आणि चित्र पुन्हा पुसटच. मोजायला मी पत्रा स्कॅनरवर ठेवायची. १२०० डीपीआयला (इंचात १२०० ठिपके) अर्धा मिलिमीटर म्हणजे २३-२४ ठिपके. नऊ भोकांपैकी दोन नापास झाली.

हे सगळं एप्रिलातलं. एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ पासून जगभर पिनहोल दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी आमच्या अंगणात गल्लीतली पोरं बसवून फोटो काढले. डोक्यावर ऊन, ४० सेकंद, फोटो झकास. त्याच फोटोंच्या जिवावर डिसेंबरची जाहिरात लिहिली गेली, मराठीत आणि कन्नडमध्ये: "डब्यातून तुमचा फोटो, पंधरा मिनिटांत!" लिहिणारी मीच.

अडचण

उद्घाटन संध्याकाळी साडेपाचला. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा अंगणाचा प्रश्नच नव्हता. दालनात खुर्ची मांडली. प्रमुख पाहुण्यांना पहिला मान. एप्रिलातल्या ४० सेकंदांच्या जागी आठ मिनिटं दिली, म्हणजे बारा पट. "आत आहोत, जरा जास्त देऊया" एवढाच त्यामागचा हिशोब. पाहुणे न हलता बसले. सत्तरीतला माणूस, शाल अंगावर, पन्नासेक लोक बघतायत.

स्टोअररूमची डार्करूम केली होती. तिथल्या दिव्याची गोष्ट सांगायलाच हवी. आदल्या दिवशी कुणीतरी घरच्या देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब आणला होता. फोटोचा कागद लाल उजेड सोसतो, पण प्रत्येक लाल बल्ब खरा लाल नसतो. म्हणून कोऱ्या कागदावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं, पाच मिनिटं त्या उजेडात राहू दिलं आणि कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, टाकला. नाण्याचा पांढरा गोल उमटला, भोवती राखाडी. देव्हाऱ्याचा बल्ब परत गेला, दुसरा आणला, तो पास झाला. इतकी काळजी आम्ही अंधाराची घेतली. दालनातल्या उजेडाची मात्र कुणी चाचणी घेतली नाही.

पाहुण्यांचा कागद डेव्हलपरमध्ये टाकला. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी गार होतं, थंडीत डेव्हलपर मंद चालतो, म्हणून थर्मासमधलं चहासाठीचं गरम पाणी बाहेरच्या टबात ओतलं. तरी कागद पांढराच. एका कोपऱ्यात स्पॉटलाइटचा एक काळा ठिपका, बाकी काही नाही. दाराबाहेरून आवाज आला, "काय ओ, फोटो झाला काय?" मी कागद तसाच घेऊन बाहेर आले. एक लहान मुलगी म्हणाली, "कोराच हाय की!" पाहुणे हसले, त्यांनी तो कोरा कागद मागून घेतला, मागे तारीख घातली. त्यांच्या मोठेपणाने वेळ निभावली. पण जाहिरात बाहेर दाराला चिकटवलेली होतीच, आणि दुसऱ्या दिवशी दोन शाळांची मुलं येणार होती.

त्या रात्री मोबाईलच्या ॲपने उजेड मोजला. दालनात १४० लक्स. भर उन्हात सुमारे एक लाख, म्हणजे सातशे पट फरक. उन्हातले ४० सेकंद इथे २८,००० सेकंद, जवळजवळ पावणेआठ तास. उजेड फार कमी असला की कागद आणखी सुस्त होतो, ते वेगळंच. त्यात दालनाचे स्पॉट पिवळे, तैलचित्रं उबदार दिसावीत म्हणून लावलेले. हा कागद निळा उजेड चांगला पाहतो, पिवळ्याला अर्धा आंधळा, लालला पुरता. माणसाच्या डोळ्याला जो उजेड भरपूर वाटत होता, तो कागदाच्या खात्यात जमाच होत नव्हता.

पर्याय

दालन बंद करून पायऱ्यांवर बसलो. चार मतं निघाली.

लग्नवाल्या मित्राचं मत, दिवे आणू. त्याच्याकडे हॅलोजन होते. चेहऱ्यावर दहा हजार लक्स पाडले तर काम सात मिनिटांवर येईल. पण तेवढ्या झोतासमोर सात मिनिटं बसायचं कुणी? शिवाय हॅलोजनचा उजेडही पिवळाच. भिंतीवर जलरंग असलेल्यांनी तर ऐकूनच नकार दिला, आणि तो योग्य होता.

दुसरं मत, डिजिटल कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपला, म्हणजे भिंगाच्या जागी बसणाऱ्या झाकणाला, भोक पाडू. कॅमेऱ्याची संवेदनशीलता कागदाच्या हजारपट वाढवता येते, दहा-पंधरा सेकंदांत फोटो निघेल आणि पडद्यावर लगेच दिसेल. मी याला आडवी आले. म्हटलं, मग डब्यांचं काय? सात महिने भोकं घासत बसले होते, ते बोलत होतं. इथे माझा निर्णय चुकला. शाळेच्या मुलांसाठी हे साधन कोपऱ्यात ठेवलं असतं तर डब्याचा मान कमी झाला नसता.

तिसरं, अंगणात जाऊ. ऊन फुकट आहे. यावर चित्रकारांची तक्रार रास्त होती. गर्दी बाहेरच थांबेल, आत चित्रं बघायला कोण येणार? आमच्यातल्या एक ज्येष्ठ चित्रकार बाई स्पष्टच म्हणाल्या, "प्रदर्शन आमचं आणि जत्रा तुमची, असं नको."

चौथं मत निवृत्त सरांचं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, दालनाला आठ तास लागतात ना, मग आठ तास द्या की. डबा सकाळी उघडा, रात्री झाका. माणसाचा फोटो नको, दालनाचाच काढा.

शेवटी दोन्ही करायचं ठरलं: माणसांचे फोटो अंगणात, फक्त सकाळी ११ ते दुपारी ३, आत दोन कोपऱ्यांत दोन डबे दिवसभर उघडे. पंधरा मिनिटांचं आश्वासन जाहिरातीवरून मार्करने खोडलं. खोडलेलं दिसतच होतं. नवी जाहिरात छापायला वेळ नव्हता.

दुसरा दिवस

उन्हातही ४० सेकंद म्हणजे माणसाला जड जातात. ऊन तोंडावर घेतलं की डोळे मिटतात, पाठीवर घेतलं की चेहरा काळा, सावलीत बसवलं तर दहा मिनिटं. निपाणीकडच्या एका सभासदाच्या घरी तपकिरीचे छोटे डबे पडून होते, ते त्याने आणले. कागद भोकापासून ६० मिलिमीटरवर आला, भोक ०.३५ चं केलं, आणि वेळ ४० वरून २० सेकंदांवर. फोटो आला पत्त्याच्या पानाएवढा, पण माणूस ओळखू येऊ लागला. ऊन एका बाजूने घ्यायचं, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायची, डोकं भिंतीला टेकवायचं. "श्वास घेऊ काय ओ?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला.

कागदावर येतो तो निगेटिव्ह: केस पांढरे, दात काळे, डावं-उजवं उलट. सरळ करायला दुसऱ्या कागदावर काच ठेवून छाप घ्यावा लागतो. त्याला वेळ होता कुठे? आठवीतल्या एका मुलाने मोबाईलमध्ये रंग उलटे करायची सोय चालू केली, कॅमेरा निगेटिव्हवर धरला आणि स्क्रीनवर त्याच्या मैत्रिणीचा चेहरा सरळ दिसला. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून तीच आमची पद्धत झाली.

मातीच्या टेबलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलांच्या पायांनी माती सगळ्या दालनभर गेली, दुपारी ते टेबल बंद केलं. सायनोटाइपचं मात्र उलट. दोन लोहक्षारांचं द्रावण कागदाला लावायचं, वाळवायचं, वर वस्तू ठेवून दहा-पंधरा मिनिटं ऊन द्यायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. जॉन हर्शेलने १८४२ साली काढलेली ही रीत, डार्करूमच लागत नाही. लोक पान, चावी, बांगडी ठेवत होते. वडगावचे एक विणकर काका साडीच्या मागावर नक्षी ठरवणारं जकार्डाचं जुनं, भोकं पाडलेलं कार्ड घेऊन आले. ते कागदावर ठेवलं, धुतलं, आणि पांढऱ्या पट्टीवर निळ्या ठिपक्यांची रांग उमटली, जिथे जिथे कार्डाला भोक होतं तिथे. काका ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "ही किनारीची बुट्टी. आता हे डिझाइन कोण घेत नाही." मग खिशातून दुसरं कार्ड काढलं. पाच दिवसांत मला सर्वांत आवडलेला कागद तो. तो पिनहोलच्या टेबलावरचा नव्हता, हे कबूल करायला हवं.

तिसरा दिवस: कंपाउंडवरचा डबा

आतले दोन डबे ठीक चालले म्हणून मला हुरूप आला. एक डबा काळी टेप गुंडाळून कंपाउंडच्या खांबावर रस्त्याकडे तोंड करून बसवला, भोकातून येणारा प्रकाश आणखी कमी केला. दिवसभराचा रस्ता एका कागदावर यावा हा हेतू. कुणाला विचारलं नाही.

बेळगावात डिसेंबर म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू, नाक्यानाक्यावर बंदोबस्त, मोर्चे, बाहेरून आलेल्या पोलिसांच्या गाड्या. अशा आठवड्यात रस्त्याकडेच्या खांबावर काळ्या टेपने गुंडाळलेला पत्र्याचा डबा. समोरच्या दुकानातल्या काकांनी दीड तास बघितलं आणि फोन केला. त्यांच्या जागी मी असते तर अर्ध्या तासातच केला असता.

एक हवालदार आणि दोन शिपाई आले. आमच्यातले दोघं एकदम मराठीत समजावू लागले, आवाज चढले. तेव्हा सर पुढे झाले. कन्नड शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेला माणूस. त्यांनी कन्नडमध्ये आधी माफी मागितली, मग डबा स्वतः खाली काढला, स्वतः उघडला, कागद दाखवला. कागद अर्थातच गेला. मग हवालदारांना आत नेलं, सुकलेले फोटो दाखवले. हवालदार फारसं काही बोलले नाहीत. जाताना दोन गोष्टी सांगितल्या: रस्त्याच्या बाजूला काही लावायचं नाही, आणि जे लावाल त्यावर ते काय आहे हे कन्नडमध्ये लिहा. दुसरी सूचना आम्हालाच आधी सुचायला हवी होती.

संध्याकाळी प्रत्येक डब्यावर दोन ओळी चिकटल्या: "हा कॅमेरा आहे, उघडू नका" आणि खाली कन्नडमध्ये "इदु क्यामेरा, तेरेयबेडि". परिणाम असा, की तोवर कुणाचं लक्ष न गेलेला आतला डबा चौथ्या दिवशी सकाळीच एका मुलाने उघडला. "उघडू नका" वाचल्यावर काय करणार तो! म्हणून मग उघडायचाच एक डबा तयार केला. एका खोक्याला पुढे भोक, मागे बटर पेपर, डोक्यावरून घ्यायला काळं कापड. आत डोकं घातलं की रस्ता उलटा चालताना दिसायचा, रिक्षा आभाळातून जायच्या. या खोक्यापुढे रांग लागली. एक आजी कापडाबाहेर येत म्हणाल्या, "हंपीला देवळात भिंतीवर गोपूर उलटं दिसतं, तेच की हो हे!" अगदी तेच. विरूपाक्ष मंदिरातल्या अंधाऱ्या जागी भिंतीतल्या फटीतून गोपुराची उलटी सावली पडते. इथल्या कितीतरी लोकांनी शाळेच्या सहलीत ती पाहिलेली असते. जाहिरातीत पिनहोलच्या जागी हंपीचं नाव घातलं असतं तर अर्धं समजावणं वाचलं असतं.

काय हाती लागलं

पाच दिवसांत ३७ कागद वापरले, १९ बघण्याजोगे. त्यांतले १४ अंगणातले चेहरे. दालनातल्या दिवसभराच्या फोटोंपैकी दुसऱ्या दिवसाचा सर्वांत चांगला: भिंती, चौकटी, रिकाम्या खुर्च्यांची ओळ, चहाच्या टेबलावरचा थर्मास. त्या दिवशी दोन शाळा येऊन गेल्या, आणि फोटोत माणूस एकही नाही. दाराजवळ नुसतं धुरासारखं काही.

याच फोटोने शेवटच्या दिवशी कटकट झाली. ज्येष्ठ बाईंचं लाल लुगड्यातल्या बाईचं तैलचित्र त्यात बरोबर मध्ये आलं होतं. कागदाला लाल दिसत नाही, तेव्हा सरळ केलेल्या छापात ते लुगडं कोळशासारखं काळं. आम्ही तो छाप कौतुकाने दाराशी लावला. बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या, "माझं चित्र काळं केलंत तुम्ही." मी कागदाच्या निळ्या-लालचं शास्त्र सांगू लागले. त्यांना शास्त्र नको होतं. त्यांचं चित्र आमच्या फोटोत येणार हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. छाप लगेच उतरवला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं म्हणजे, जाहिरात लिहिण्याआधी त्याच दालनात, त्याच महिन्यात, त्याच वेळेला एक कागद वापरून बघायचा. एक कागद आणि एक दिवस लागला असता. एप्रिलच्या अंगणातल्या उन्हाचं वचन आम्ही डिसेंबरच्या बंद खोलीत दिलं.

उद्घाटन सकाळी ११ ला ठेवायचं. प्रमुख पाहुण्यांच्या वेळा बघून साडेपाच ठरलं होतं, उन्हाची वेळ कुणी बघितली नव्हती. अधिवेशनाचा आठवडा टाळायचा, नाहीच टळला तर समोरच्या दुकानांना आणि ठाण्याला आधी सांगून यायचं, आणि सांगायला सरांना पाठवायचं. दुकानवाल्या काकांकडे मी प्रदर्शन संपल्यावर गेले. ते ओशाळले होते, मी त्याहून जास्त.

अंगण आणि दालन यांतली ओढाताण अशी सुटली नाही. बाहेर रांग होती तेव्हा आत खरंच गर्दी कमी होती. सुकलेले फोटो आतल्या भिंतीवर लावले तेव्हा ते शोधायला लोक आत आले आणि जाता जाता चित्रंही बघितली. हे चौथ्या दिवशी सुचलं, पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

वापरलेला हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) नाल्यात ओतला नाही, त्यात चांदी उतरलेली असते. दोन कॅन भरून माझ्या गच्चीच्या जिन्याखाली आहेत. त्यांचं काय करायचं ते ठरायचं आहे. उरलेले कागद काळ्या पिशवीत, फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या वरच्या कप्प्यात.

बाई पुढच्या वर्षी चित्रं देणार म्हणतात. अट एकच, डबे दालनाबाहेर. सर म्हणतात, आत एक तरी हवाच. बैठक संक्रांतीनंतर.